ऐंशी लागतील

आमच्या कॉलेजच्या परीक्षा विभागाला एकच खिडकी होती, आणि त्या खिडकीत तेवीस वर्षं एकच माणूस बसला. विद्यार्थी त्यांना कितीकाका म्हणायचे. कारण खिडकीशी येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा, "काका, किती?"

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. गुणांच्या नोंदवहीत आकडे चढवणं हे माझं काम. मला टोपणनाव नव्हतं, विद्यार्थ्यांना मी दिसायचेच नाही. खिडकी इतकी अरुंद की आतली एकच खुर्ची दिसायची, आणि त्या खुर्चीवर हे. मी त्यांना म्हणायचे, "अहो, आकडे मी चढवायचे आणि वाहवा तुमची!" ते म्हणायचे, "बाई, मग या खुर्चीत बसा. दोन दिवसांत पळून जाल." खरं होतं ते. माझा स्वभाव तापट. एका मुलाने एकच गोष्ट तीनदा विचारली की माझं डोकं फिरतं. ते मात्र सातव्यांदासुद्धा पहिल्यासारखंच उत्तर द्यायचे.

आता ती 'किती'ची भानगड सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे वर्षभराच्या चाचण्या, प्रयोग, वह्या यांना साठ टक्के वजन आणि शेवटच्या पेपराला चाळीस. पण वर्षभराचे गुण विद्यार्थ्यांना पेपरच्या आधी सांगायचे नाहीत, असा नियम. आधी सांगितले की ते शिक्षकांच्या मागे लागतात, आईवडिलांना घेऊन येतात, दारात ठाण मांडतात. म्हणून ते आकडे फक्त आमच्या नोंदवहीत. पोरं बिचारी अंधारात. पेपर तोंडावर आलेला आणि आपण कुठे उभे आहोत हेच माहीत नाही.

काकांनी त्यातून पळवाट काढली. गुण सांगायला बंदी आहे ना, लागतील किती ते सांगायला कुठे बंदी आहे? विद्यार्थ्याने खिडकीशी यायचं, आपल्याला कुठली श्रेणी हवी ते सांगायचं. काका नोंदवही उघडायचे, जुन्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या चिठ्ठीवर दोन ओळींचं गणित करायचे, चिठ्ठी चुरगळून टोपलीत टाकायचे आणि आकडा तोंडी सांगायचे. "अडुसष्ट लागतील. जमेल. जा."

प्राचार्यांनी एकदा त्यांना बोलावून खडसावलं. खरा आकडा सांगितला तर हुशार पोरं उलट गणित करून वर्षभराचे गुण एका मिनिटात काढतील, मग नियमाला अर्थ काय? काका म्हणाले, "साहेब, मी खरा आकडा सांगतच नाही." आणि ते खरं होतं. ते नेहमी सात-आठ वाढवून सांगायचे, कधी पाच, कधी नऊ. त्याला ते 'खिशातले' म्हणायचे. खिशातल्यांमुळे नियमही पाळला जायचा आणि पोरंही जरा जास्त घासायची.

खिशातल्यांनी किती जणांना तारलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. तिसऱ्यांदा परीक्षेला बसलेला एक लांबोडका मुलगा होता. पास व्हायला त्याला तेहेतीस लागत होते. काकांनी एक्केचाळीस सांगितले. त्याला पडले चौतीस. निकालाच्या दिवशी त्याने खिडकीतून हात आत घालून काकांचा हात असा काही दाबला की काका दोन दिवस डाव्या हाताने लिहीत होते.

आणि आकडा शंभराच्या वर निघाला तर? एका मुलीला 'अ' हवी होती, गणित आलं एकशेपाच. मी वाकून बघत होते. म्हटलं, आता काय करतात हे गृहस्थ? काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "बाळ, 'ब'साठी काढूया का? 'ब'साठी एकदम झकास दिसतंय." ती हसत गेली. 'नाही' हा शब्द मी त्या खिडकीतून कधी ऐकला नाही.

घरी बायको आणि एक लेक. बायको शिवणकाम करायची. काकांच्या शर्टांना खिसे तिनेच शिवलेले, नेहमीपेक्षा खोल, कारण हा माणूस पेन पाडायचा. लेक आमच्याच कॉलेजात, रसायनशास्त्राला. तिला पुढे औषधशास्त्राला जायचं होतं. तो कोर्स दुसऱ्या शहरात, जागा मोजक्या, आणि 'अ' असेल तरच अर्ज घेत. हे स्वप्न मुळात तिच्या आईचं. तिला लहानपणी औषधाच्या दुकानातल्या पांढऱ्या कोटातल्या बाईचं फार अप्रूप होतं. मशीनवर बसल्या बसल्या ती लेकीला सांगायची, "तुझा कोट मी शिवणार. बाहेरून आणायचा नाही."

लेक शेवटच्या वर्षाला असताना आई आजारी पडली. फुप्फुसांत पाणी, मग ते काढणं, मग परत पाणी. घर आणि दवाखाना यांच्यामध्ये काका पार वाळून गेले. पहिल्या खेपेला आईला दाखल केलं तेव्हा लेकीची एक चाचणी बुडाली. नंतर तिला शिकवणाऱ्या बाईंनी तिच्याकडून ती वेगळी लिहून घेतली होती. पण तिचे गुण धरणार की शून्य देणार, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पोरगी ते शून्य उरावर घेऊन हिंडत होती.

पेपरला एकोणीस दिवस असताना आईला पुन्हा दाखल करावं लागलं. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेतलं. त्यांनी ऑफिसात येऊन मला सांगितलं ते शब्द माझ्या कानात अजून आहेत. "तीन महिने तरी आहेत म्हणाले, बाई." मग टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं आणि पेनाच्या टोकाने दिवस मोजले. एकोणीस दिवसांनी पेपर. म्हणजे पेपरनंतर सत्तर दिवस. "सत्तर दिवस ती आईजवळच बसेल," म्हणाले. "उठणारसुद्धा नाही."

त्याच दुपारी लेक आली. घरी विचारता आलं असतं, पण काकांचा नियम होता, घरात परीक्षेचं बोलायचं नाही, लेक असलीस तरी खिडकीशी ये. म्हणून ती रांगेत उभी राहून आली. पाठीला पिशवी, केस कसेतरी वर बांधलेले.

"बाबा, किती लागतील?" ती म्हणाली. "खरं सांगा. कमी लागत असतील तर मी रोज आईकडे थांबते. तिथेच बसून वाचीन. जास्त लागत असतील तर मग… मग लायब्ररीत बसावं लागेल."

काकांनी नोंदवही उघडली. मला बघायची गरज नव्हती. तो आकडा आठवड्यापूर्वी मीच चढवला होता. शंभरपैकी नव्वद. बाईंनी त्या बुडालेल्या चाचणीचे पूर्ण गुण दिले होते. नव्वदचे साठ टक्के चोपन्न. 'अ' पंच्याहत्तरला. उरले एकवीस, चाळीसपैकी. म्हणजे पेपरात शंभरपैकी त्रेपन्न. त्रेपन्न गुण ती मुलगी तापात फणफणत असतानाही आणू शकली असती.

काकांनी चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या. चिठ्ठी चुरगळली. टोपलीत टाकली.

"ऐंशी लागतील," ते म्हणाले.

लेकीचा चेहरा पडला. "म्हणजे शून्यच धरलं," ती पुटपुटली. मग म्हणाली, "आईला सांगा मी रविवारी येते." आणि गेली.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मागची मुलगी पुढे सरकली, "काका, किती?", आणि ते नोंदवहीत तिचं पान काढू लागले. जेवणाच्या सुट्टीत मी विचारलंच. "अहो, सत्तावीस? खिशातले सत्तावीस?"

"त्रेपन्न सांगितले असते तर तिने पुस्तक मिटलं असतं, बाई," ते म्हणाले. "दवाखान्याच्या बाकावर बसून आईचा श्वास मोजत बसली असती. तिथे त्रेपन्नसुद्धा पडत नाहीत. आणि 'अ' गेली तर तिच्या आईला काय सांगू? एकोणीस दिवसांचा तर प्रश्न आहे."

मी एरवी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही. त्या दिवशी मात्र मूग गिळून गप्प बसले. म्हटलं, बाप आहे, त्याला कळत असेल. तेव्हाच खिडकीतून बाहेर डोकावून त्या पोरीला हाक मारली असती तर? हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

त्यानंतर काका सकाळी दवाखान्यात, मग ऑफिसात, मग पुन्हा दवाखान्यात. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले. सहा खाटांची खोली, खिडकीशेजारची शेवटची खाट तिची. तोंडावर प्राणवायूचा मास्क. काकांची चाहूल लागली की ती आधी त्यांच्या मागे बघायची, दाराकडे. मग मास्क बाजूला करून विचारायची, "ती?"

"अभ्यास करतेय," काका सांगायचे. "पेपर झाला की तुझ्याजवळच."

"करू दे," ती म्हणायची. पण दाराकडे बघणं काही तिचं थांबायचं नाही. रविवारी लेक यायची, एक तास बसायची, आईचे पाय चेपायची, आणि आईच म्हणायची, "ऊठ आता, जा." असे दोनच रविवार झाले.

अकराव्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास ऑफिसात फोन आला. मीच उचलला. पलीकडून काका बोलत होते, पण तो आवाज त्यांचा वाटला नाही. "बाई, ती लायब्ररीत आहे. तिचा फोन बंद आहे. तिला घेऊन या." मी विचारलं, "कसं आहे?" ते म्हणाले, "झालं." एवढंच. मग म्हणाले, "तिला रस्त्यात सांगू नका. इथे आल्यावर मी सांगतो."

लायब्ररीत फोन दारातल्या खोक्यात ठेवावे लागतात. त्या खोक्यात तिचा फोन मला दिसला, मागच्या बाजूला पिवळा धागा चिकटवलेला, तिच्या आईच्या शिवणातला. मी आत गेले. ती खिडकीजवळच्या टेबलावर जुना पेपर सोडवत बसली होती. वहीच्या कोपऱ्यात पेनाने गिरवून गिरवून जाड केलेला आकडा होता, ऐंशी. मी खांद्याला हात लावला तशी तिने वर बघितलं, आणि मला वाटतं ती माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी समजली, पण नेमकी ती गोष्ट नाही.

"आईकडे जायचंय?" तिने विचारलं.

"हो."

"मावशी, दहाच मिनिटं. एवढं एक गणित संपवते. नाहीतर परत पहिल्यापासून मांडावं लागेल."

मी ती दहा मिनिटं तिला दिली. घाई करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी समोरच्या खुर्चीवर बसले आणि ती गणित सोडवत होती ते बघत राहिले. तिने उत्तर काढलं, मागच्या पानावर पडताळून बघितलं, बरोबर आलं म्हणून खूण केली, आणि वही मिटली.

पुढचं लिहायला माझा हात जड होतो. आठ दिवसांनी तिने पेपर दिला. नातेवाईक म्हणाले, पुढच्या वर्षी दे. ती म्हणाली, "आईने मला यासाठीच उठवून पाठवलं होतं." सुजलेल्या डोळ्यांनी गेली आणि लिहून आली. तिला शहाऐंशी पडले.

निकालाच्या दिवशी गुणपत्रिका खिडकीतून वाटतात. गुणपत्रिकेवर वर्षभराचे आणि पेपराचे गुण वेगवेगळे छापलेले असतात. एरवी त्या दिवशी खिडकीबाहेर हशा असायचा. पोरं तिथल्या तिथे गणित करायची आणि ओरडायची, "काका, आठ वाढवले होते तुम्ही! चोर!" काका हसायचे.

लेक रांगेतून आली. गुणपत्रिका घेतली. तिथेच बाजूला, भिंतीला टेकून उभी राहिली. मी आतून तिचे ओठ हलताना बघत होते. नव्वद. चोपन्न. एकवीस. ती पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. वीस-एक जण होते पुढे. काकांनी ते बघितलं होतं. पुढच्या वीस जणांच्या गुणपत्रिका त्यांनी कशा दिल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक.

तिची पाळी आली. "काका," ती म्हणाली. बाबा नाही, काका म्हणाली, सगळ्यांसारखं. "'अ'साठी मला किती लागत होते?"

काका समोरची गुणपत्रिकांची चळत सारखी करू लागले.

"सगळ्यांना सात-आठ वाढवता हे मला माहीत होतं. मी मनात आठ वजा केले होते. बहात्तर धरून चालले होते मी." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मला सत्तावीस का वाढवलेत?"

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग खरं तेच बोलले. "डॉक्टर तीन महिने म्हणाले होते, बाळ."

"मग त्यातले काही दिवस खिशात का नाही ठेवलेत?" ती म्हणाली.

मागचा मुलगा म्हणाला, "ताई, झालं का?" ती बाजूला झाली आणि त्याला जागा करून दिली.

ती औषधशास्त्राला गेली. दुसऱ्या शहरात राहिली, तिथेच नोकरी लागली. दर रविवारी फोन करायची, ठरावीक वेळेला. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, ठेवते. भांडली कधीच नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं काका एकदाच म्हणाले. सुट्टीला यायची तेव्हा घर झाडून-पुसून लख्ख करायची, आईच्या मशीनला तेल घालायची आणि परत जायची. पांढरा कोट तिने बाहेरूनच घेतला असणार. मी कधी विचारलं नाही.

खिडकीतही काका बदलले. ते आता नेमका आकडा सांगायला लागले, खिशातलं काही नाही. प्राचार्य ओरडले, तरी सांगायचे. एका मुलाला म्हणाले, "एकशेतीन लागतील. नाही जमणार." तो मुलगा खिडकीशीच रडायला लागला. काका त्याच्याकडे बघत बसले, आणि मग त्यांच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी उठून खिडकीचं दार लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज केला आणि कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या भांडारात बदली मागून घेतली. तिथे कुणी काही विचारायला येत नाही.

निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी त्यांचं यकृत बिघडलं. दाखल केलं त्याच दवाखान्यात. डॉक्टर मला म्हणाले, "पंधरा-वीस दिवस." मी लेकीला फोन लावला. ती दुकानात होती, मागे कुणीतरी औषध मागत होतं.

"मावशी, नक्की किती दिवस आहेत?" तिने विचारलं. "मला रजा मिळवायला वेळ लागेल. खरं सांगा."

"दोन," मी म्हटलं. "आजच निघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोचली. आल्या आल्या डॉक्टरांना भेटली. बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "तुम्हीही खिशातले ठेवलेत," ती म्हणाली. मी म्हटलं, "ठेवले. शिव्या घाल हवं तर." तिने शिव्या घातल्या नाहीत. माझ्या हातातली थर्मासची पिशवी घेतली आणि आत गेली.

डॉक्टरांचंही गणित चुकलं. काका नऊच दिवस राहिले. ते नऊ दिवस ती जागची हलली नाही. त्यांना भरवायची, पुसून घ्यायची, उशी सारखी करायची. बोलायची ती कामापुरतं. त्यांचे डोळे तिच्या मागे मागे फिरायचे. काहीतरी सांगायचं आहे हे मला दिसत होतं, तिलाही दिसत असणार.

आठव्या दिवशी दुपारी ती त्यांची नखं कापत होती. मी पायाशी बसले होते. काकांचा आवाज अगदी बारीक झाला होता. ते म्हणाले, "त्रेपन्न लागत होते."

"माहीत आहे, बाबा."

तिने त्यांचं पुढचं बोट धरलं. मग ते म्हणाले, "तेव्हाच सांगायला हवं होतं."

मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या, झालं गेलं. मनातल्या मनात मी तिला विनवत होते, म्हण गं बाई, एवढं एकदा म्हण, माणूस चाललाय. माझं मला हे कळत होतं की मी ते माझ्यासाठीसुद्धा मागत होते.

"हो," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं."

आणि त्यांचा दुसरा हात हातात घेऊन तिने अंगठ्यापासून सुरुवात केली.